शस्त्रवैद्याची पार्लमेंटपर्यंतची वाट

डॉक्टर राजकारणात गेल्याची उदाहरणे आपल्याला नवी नाहीत. मध्यप्रांताचे डॉ. ना. भा. खरे, पश्चिम बंगालचे डॉ. बिधानचंद्र रॉय, चीनचे सुन यत्-सेन, फ्रान्सचे क्लेमान्सो ही नावे इतिहासाच्या पुस्तकांत भेटतात. यांतील बहुतेकांना राजकारणात ओढून नेले ते स्वातंत्र्याच्या किंवा क्रांतीच्या हाकेने. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज सर्जन थॉमस वॅकली मात्र वेगळ्या वाटेने तिथे पोचला. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी पडलेले प्रश्नच त्याला पार्लमेंटपर्यंत घेऊन गेले. रोगी दगावला तर तो कशाने दगावला, हे कोणी सांगायचे? ज्याच्या हातून दगावला त्यानेच? आणि त्याचे म्हणणे तपासून पाहण्याचा अधिकार कोणाला?

आज जगभर वाचल्या जाणाऱ्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाचा वॅकली हा संस्थापक. पण त्याची गोष्ट केवळ एका नियतकालिकाची गोष्ट नाही.

उमेदवारी आणि आग

वॅकलीचा जन्म ११ जुलै १७९५ रोजी डेव्हन परगण्यातल्या मेंबरी गावी झाला. वडील शेतकरी, अकरा भावंडांत हा सर्वांत धाकटा. त्या काळी डॉक्टरकीची सुरुवात उमेदवारीने होई. वॅकलीनेही आधी एका औषधे तयार करून विकणाऱ्याकडे आणि मग लहान गावांतल्या सर्जनांच्या हाताखाली काम शिकून घेतले. १८१५ मध्ये तो लंडनला आला आणि सेंट थॉमस व गाइज या जोड-इस्पितळांत शिकू लागला.

इथे त्याला एक विचित्र व्यवस्था दिसली. इस्पितळे चालत दानधर्माच्या पैशावर, रोगी गरीब. पण तिथल्या सर्जनांच्या जागा वशिल्याने आणि नात्यागोत्याने भरल्या जात. हे सर्जन व्याख्यानांसाठी विद्यार्थ्यांकडून भरपूर फी घेत. सर्जन व्हायचे तर रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची परीक्षा द्यावी लागे. त्या कॉलेजच्या कार्यकारी मंडळावर हीच मंडळी तहहयात बसलेली असत, आणि एखादी जागा रिकामी झाली की ती कोणी भरायची हेही तीच ठरवत. शिकवणारे, परीक्षा घेणारे आणि नियम करणारे हात एकच होते.

१८१७ मध्ये वॅकली परीक्षा उतरला. १८२० मध्ये त्याचे लग्न झाले आणि सासऱ्यांच्या मदतीने त्याने लंडनच्या चांगल्या वस्तीत दवाखाना थाटला. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रात्री काही माणसांनी त्याच्यावर हल्ला केला आणि त्याचे घर जाळले. १ मे १८२० रोजी मंत्रिमंडळाच्या खुनाचा कट केल्याबद्दल पाच जणांना फाशी देण्यात आले होते, आणि नंतर एका बुरखाधारी माणसाने त्यांची शिरे धडावेगळी केली होती. ते काम इतक्या सफाईने झाले, की तो माणूस सर्जनच असला पाहिजे अशी बोलवा उठली, आणि अफवेत वॅकलीचे नाव आले. हल्ल्यामागे ही अफवा असावी असे मानले जाते. विमा कंपनीने तर आग त्यानेच लावली असे म्हणत पैसे नाकारले. वॅकली कोर्टात गेला आणि जिंकला. पण घर गेले, रोगी पांगले. या पडत्या काळात त्याची विल्यम कॉबेट या जहाल पत्रकाराशी मैत्री झाली आणि लेखणी हेही एक हत्यार आहे हे त्याला उमगले.

सहा पेन्सांचे साप्ताहिक

५ ऑक्टोबर १८२३ रोजी ‘लॅन्सेट’चा पहिला अंक निघाला. किंमत सहा पेन्स. लॅन्सेट म्हणजे गळू फोडण्याचे सर्जनचे धारदार पाते. याच शब्दाचा इंग्रजी वास्तुकलेतला अर्थ आहे उजेड आत घेणारी उंच, निमुळती खिडकी. दोन्ही अर्थ वॅकलीला हवेच होते.

अंकात पहिल्यापासून छापली जात होती ती नामांकित सर्जनांची व्याख्याने. ज्या व्याख्यानांसाठी विद्यार्थी भारी फी मोजत, ती सहा पेन्सांत खेड्यातल्या डॉक्टरच्या हातात पडू लागली. अ‍ॅस्टली कूपर हा गाइज इस्पितळाचा त्या काळचा सर्वांत नावाजलेला सर्जन. तो आधी रागावला, पण नंतर आपले नाव घालू नये एवढ्या अटीवर तयार झाला. सेंट बार्थोलोम्यू इस्पितळाचा जॉन अ‍ॅबर्नेथी मात्र कोर्टात गेला. त्याला १८२५ मध्ये मनाईहुकूम मिळाला. पुढे तो उठला. वॅकलीचा मुद्दा असा, की सार्वजनिक इस्पितळात, गरिबांच्या शरीरांवर मिळवलेले ज्ञान ही कोणाची खाजगी मिळकत असू शकत नाही. अ‍ॅबर्नेथीची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. व्याख्यान तयार करण्याचे श्रम त्याचे होते. लेखकाचा हक्क आणि समाजाची गरज यांतला हा वाद आजही मिटलेला नाही.

याहून स्फोटक ठरले ते इस्पितळांतल्या शस्त्रक्रियांचे वृत्तान्त. मार्च १८२८ मध्ये गाइज इस्पितळात ससेक्समधल्या एका मजुराच्या मूत्राशयातला खडा काढायचा होता. शस्त्रक्रिया करणारा होता ब्रॅन्सबी कूपर, अ‍ॅस्टली कूपरचा पुतण्या. भूल देण्याचे तंत्र यायला अजून अठरा वर्षे होती. रोग्याला बांधून, शुद्धीवर असताना कापत. म्हणून हाताचा वेग हेच मोठे कौशल्य. सराईत सर्जन हे काम पाच-सहा मिनिटांत उरकी. इथे जवळजवळ तास लागला आणि दुसऱ्या दिवशी रोगी वारला. ‘लॅन्सेट’ने हा वृत्तान्त एखाद्या नाटकासारखा, बोचऱ्या भाषेत छापला आणि ही जागा नातेसंबंधामुळे मिळाली असे सुचवले.

ब्रॅन्सबी कूपरने दोन हजार पौंडांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. वॅकलीने आपली बाजू स्वतः मांडली. ज्यूरीने निकाल कूपरच्या बाजूने दिला, पण भरपाई ठरवली अवघी शंभर पौंड. वॅकलीचा खर्च लोकांनी वर्गणी काढून भरला. कायद्याने हरलेला हा खटला जनमतात त्याने जिंकला होता.

याच उघड्या पानांचा दुसरा फायदा लवकरच दिसला. १८३१ मध्ये इंग्लंडमध्ये कॉलरा आला. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातले पाणी व क्षार कमी झालेले असतात हे ‘लॅन्सेट’मधून कळवले. ते वाचून १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथच्या डॉ. थॉमस लाटाने रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडून पाहिले आणि आपले अनुभव त्याच साप्ताहिकात छापले. आज तालुक्याच्या दवाखान्यातही दिसणाऱ्या सलाइनच्या बाटलीची ही सुरुवात. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारणारा म्हणून प्रसिद्ध झाला.

पार्लमेंटच कशाला?

लिहून प्रश्न सुटत नाहीत, हे वॅकलीला हळूहळू कळत गेले. कॉलेजचे अधिकार सनदेने मिळालेले. ते बदलायचे तर पार्लमेंटच हवे. १८३१ मध्ये कॉलेजच्या एका सभेतून त्याला पोलिसांकरवी बाहेर काढण्यात आले, तेव्हा तर आतून सुधारणा होण्याची आशाच मावळली.

वेळही जुळून आली होती. १८३२ च्या सुधारणा कायद्याने नवे मतदारसंघ निर्माण झाले आणि मध्यमवर्गीय घरमालकांना मत मिळाले. लंडनमधला फिन्सबरी हा असाच एक नवा मतदारसंघ. छोटे दुकानदार आणि कारागीर यांचा. इथून वॅकली १८३२ मध्ये पडला, १८३४ मध्ये पुन्हा पडला आणि जानेवारी १८३५ मध्ये निवडून आला. पुढे १८५२ पर्यंत ही जागा त्याच्याकडे राहिली. सभासदाला तेव्हा पगार नसे. तो १९११ मध्ये सुरू झाला. त्यामुळे बहुतेक सभासद जमीनदार किंवा धनिक असत. वॅकलीचा आधार होता त्याचे साप्ताहिक.

त्याचे पहिले गाजलेले भाषण वैद्यकावर नव्हते. डॉर्सेटमधल्या टोलपडल गावच्या सहा शेतमजुरांनी मजुरी घटू नये म्हणून संघटना केली आणि तिची गुप्त शपथ घेतली, एवढ्यासाठी १८३४ मध्ये त्यांना सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडले होते. जून १८३५ मध्ये वॅकलीने त्यांच्या माफीचा ठराव मांडला. ठरावाच्या बाजूने ८२ मते पडली, विरुद्ध ३०८. पण बाहेर चळवळ वाढत गेली आणि मार्च १८३६ मध्ये सरकारला पूर्ण माफी द्यावी लागली.

वैद्यकाशी निगडित कामात त्याला लवकर यश आले. १८३६ च्या वैद्यकीय साक्षीदार कायद्यामागे त्याचाच पाठपुरावा होता. संशयास्पद मृत्यूच्या चौकशीत साक्ष देणाऱ्या डॉक्टरला या कायद्याने एक गिनी आणि शवविच्छेदनही केले तर दोन गिनी मिळू लागल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहिल्या डॉक्टरच्या साक्षीने ज्यूरीचे समाधान झाले नाही, तर तिला दुसरा डॉक्टर मागता येऊ लागला. तज्ज्ञाचे मतही पडताळून पाहता येते, हे तत्त्व कायद्यात आले.

निकेल आणि शिसे

हा माणूस फक्त विरोधकांनाच तपासतो की मित्रांनाही, याची परीक्षा १८३८ मध्ये झाली. युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राध्यापक जॉन इलियटसन हे वॅकलीचे स्नेही. ‘लॅन्सेट’ने त्यांना नेहमी उचलून धरले होते. इलियटसन मेस्मेरिझमच्या नादी लागले. माणसाच्या शरीरातून एक ‘चुंबकीय’ प्रवाह वाहतो, तो निकेलमधून जातो पण शिशातून जात नाही, असे त्यांचे मत. ओकी नावाच्या दोन बहिणींवर ते याचे जाहीर प्रयोग करून दाखवत. निकेलचा स्पर्श झाला की मुलीला झटके येत.

ऑगस्टमध्ये वॅकलीच्या घरी साक्षीदारांसमोर प्रयोग झाला. मुलीला धातू दिसू नये म्हणून तिच्या चेहऱ्यापुढे पुठ्ठा धरला. वॅकलीने निकेल गुपचूप दुसऱ्याकडे दिले आणि मुलीला लावले फक्त शिसे. तेवढ्यात ठरल्याप्रमाणे एक जण तिला ऐकू जाईल असे कुजबुजला, की निकेल फार जोराने लावू नका. लगेच तिला झटके सुरू झाले. परिणाम धातूचा नव्हता, कल्पनेचा होता. औषधांच्या चाचणीत आज रोग्याला काय दिले हे त्याला कळू न देण्याची जी पद्धत आहे, तिच्या सुरुवातीच्या चांगल्या उदाहरणांपैकी हे एक. वॅकलीने निष्कर्ष छापला, मैत्री तुटली आणि वर्षअखेर इलियटसन यांनी राजीनामा दिला.

कल्पनेचा शरीरावर एवढा परिणाम का व्हावा, हा खरा कुतूहलाचा प्रश्न मात्र वॅकलीने पुढे नेला नाही. त्याच्या लेखी लबाडी उघडी पडली, विषय संपला.

एका सैनिकाचा मृत्यू

१८३९ मध्ये वॅकली पश्चिम मिडलसेक्सचा कॉरोनर म्हणून निवडून आला. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची ज्यूरीसह जाहीर चौकशी करणारा अधिकारी. आपल्या मुंबईतही हे पद १९९९ पर्यंत होते. इंग्लंडमध्ये त्या जागी बहुधा वकील असत. मृत्यूचे कारण शोधायला वैद्यक जाणणारा माणूस हवा, हा वॅकलीचा जुना आग्रह. सभासदत्व आणि कॉरोनरचे काम त्याने बरोबरच चालवले.

या दोन्ही कामांचा मिलाफ १८४६ मध्ये दिसला. हौन्स्लोच्या छावणीतल्या फ्रेडरिक व्हाइट या २७ वर्षांच्या घोडेस्वाराला १५ जून रोजी चाबकाचे १५० फटके मारण्यात आले. ११ जुलैला तो मेला. लष्करी डॉक्टरांनी शवविच्छेदन केले आणि फुप्फुस व हृदय यांच्या दाहाने मृत्यू झाला, फटक्यांचा त्याच्याशी संबंध नाही, असा निर्वाळा दिला. पण स्थानिक धर्मगुरूने कॉरोनरला कळवल्याशिवाय दफन करायला नकार दिला.

वॅकलीने चौकशी लावली. लष्करी डॉक्टरांनी छाती उघडून पाहिली होती. जिथे फटके बसले ती पाठ नीट तपासलीच नव्हती. बाहेरचा तज्ज्ञ म्हणून इरॅस्मस विल्सन यांना बोलावण्यात आले. पाठीच्या कण्याजवळ, फटक्यांच्या जागेखाली खोलवरचे स्नायू लिबलिबीत झाले आहेत असे त्यांना आढळले आणि दाह तिथून आत पसरला असे त्यांनी सांगितले. लष्करी डॉक्टरांना हे मान्य नव्हते. ज्यूरीने दोन्ही बाजू ऐकल्या आणि फटक्यांच्या परिणामाने मृत्यू आला असा निर्णय दिला.

विल्सन यांचा तर्क आजच्या कसोटीला कितपत उतरेल? जखमेतून जंतू शिरतात आणि शरीरभर पसरतात, ही कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती. त्यामुळे पाठीवरची जखम आणि छातीतला दाह यांना जोडणारी खात्रीची साखळी कोणाच्याच हाती नव्हती. पण ‘संबंध नाही’ असे छातीठोकपणे म्हणण्याचाही आधार नव्हता. देशभर संताप उसळला. त्याच ऑगस्टमध्ये सरसेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांनी फटक्यांची कमाल मर्यादा ५० वर आणली. लष्करातून ही शिक्षा पूर्ण जायला १८८१ उजाडले.

त्याआधी वर्षभर, ऑगस्ट १८४५ मध्ये, वॅकलीने पार्लमेंटमध्ये अँडोव्हरच्या वर्कहाउसचा प्रश्न विचारला होता. वर्कहाउस म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात पोटापुरते देणारी सरकारी जागा. अँडोव्हरला खतासाठी हाडे फोडण्याचे काम होते, आणि उपाशी माणसे त्या कुजक्या हाडांतला मगज चोखून खात होती. चौकशी झाली आणि १८४७ मध्ये गरिबांसाठीच्या कायद्याचा कारभार पाहणारे आयोगच बरखास्त झाले.

पावात तुरटी

वॅकलीच्या शेवटच्या मोठ्या मोहिमेत सूक्ष्मदर्शक यंत्र कामी आले. कॉफीत चिकोरीच्या मुळांची भुकटी मिसळली तर ती कोणत्याही उपायाने खात्रीने ओळखता येत नाही, असे रसायनतज्ज्ञांच्या आधारे अर्थमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये सांगितले होते. डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी ती भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कॉफीच्या बीच्या पेशी वेगळ्या, चिकोरीच्या मुळाच्या वेगळ्या. भाजून दळले तरी त्यांची ठेवण ओळखू येते.

वॅकलीने हॅसलना हाताशी धरले. १८५१ ते १८५४ या काळात लंडनच्या दुकानांतून हजारोंनी नमुने विकत आणून तपासले गेले आणि निकाल ‘लॅन्सेट’मध्ये दुकानदारांच्या नावापत्त्यांसह छापले गेले. पावाच्या ४९ नमुन्यांपैकी सगळ्या ४९ मध्ये, पाव पांढरा दिसावा म्हणून घातलेली तुरटी सापडली. मुलांच्या रंगीत मिठायांत शिसे आणि पारा यांची संयुगे निघाली. मिठाईतले हे विष ओशॉनेसीने वीस वर्षांपूर्वी याच पानांतून दाखवले होते. पण तेव्हा तो एकांडा लेख होता. आता पद्धतशीर मोजणी होती आणि मागे पार्लमेंट जाणणारा संपादक होता. १८५५ मध्ये पार्लमेंटने चौकशी समिती नेमली. १८५८ मध्ये ब्रॅडफर्डला मिठाईत चुकून सोमल पडल्याने वीसेक माणसे दगावली आणि १८६० मध्ये भेसळीविरुद्ध पहिला व्यापक कायदा झाला.

हा कायदा मात्र दुबळा होता. तपासनीस नेमावा की नाही, हे स्थानिक संस्थांच्या मर्जीवर होते, आणि बहुतेकांनी नेमलाच नाही. दात असलेला कायदा १८७५ मध्ये आला. १८५८ च्या वैद्यकीय कायद्याचीही हीच तऱ्हा. अधिकृत डॉक्टरांची जाहीर नोंदवही सुरू झाली, पण वॅकलीला हवी होती तशी एकच परीक्षा आणि लोकशाही कारभार त्यातून आला नाही. तब्येत ढासळल्याने त्याने १८५२ मध्येच पार्लमेंट सोडले होते. १६ मे १८६२ रोजी मदिरा बेटावर तो वारला.

हिशेब मांडताना

वॅकलीला संत ठरवण्याचे कारण नाही. त्याची भाषा अनेकदा टीकेच्या पलीकडे जाऊन शिवीगाळीला टेकत असे. ब्रॅन्सबी कूपरचा वृत्तान्त शांतपणे, केवळ वेळ आणि कृती नोंदवून छापला असता तर तो अधिक न्याय्य झाला असता. अर्थात तो कितींनी वाचला असता, हा प्रश्न उरतोच. त्याच्या पार्लमेंटमधल्या यशाची यादीही लांबलचक नाही. ठराव पडले, कायदे अर्धवट झाले, बरेच काही त्याच्यामागे घडले.

तरी शस्त्रक्रियेचा वृत्तान्त, निकेलचा प्रयोग, सैनिकाची पाठ आणि पावातली तुरटी यांना जोडणारा एक धागा आहे. दर वेळी कोणीतरी अधिकारी व्यक्ती ‘मी सांगतो म्हणून’ असे म्हणत होती, आणि दर वेळी वॅकलीने काय पाहिले, कसे पाहिले, दुसऱ्याला तसेच दिसते का, हे चारचौघांसमोर विचारले. विज्ञानात हे प्रश्न आपण स्वाभाविक मानतो. ते राज्यकारभारात विचारायचे तर साप्ताहिक, निवडणूक, कोर्ट आणि कायदा या सगळ्यांतून जावे लागते, आणि त्याला एका माणसाचे आयुष्यही अपुरे पडते.

आपल्याकडे अन्नभेसळीचा देशव्यापी कायदा १९५४ मध्ये झाला आणि पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्याची जागा घेतली. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर नववी-दहावीच्या वर्गात हॅसलचा प्रयोग करता येईल. बटाटा, तांदूळ आणि गहू यांच्या पिठांत आयोडीनचा थेंब टाकून स्टार्चच्या कणांचे आकार मुलांना काढायला सांगावेत. मग एक मिश्रण त्यांना न सांगता द्यावे आणि त्यात काय आहे ते शोधू द्यावे. कोणाचे उत्तर बरोबर याचा निवाडा शिक्षकांनी लगेच करू नये. ज्याला जे दिसले ते त्याने इतरांना दाखवून पटवावे.